चौकच्या डोंगरातला वाघ आणि त्याचे भाऊबंद

मुंबईहून जुन्या पुणे रस्त्याने निघालेला प्रवासी पनवेल ओलांडून पुढे सरकला की डाव्या हाताला प्रबळगडाचा धिप्पाड पहाड आणि त्याच्या शेजारचा इर्शाळगडाचा सुळका त्याच्या दृष्टीस पडतो. ह्या सुळक्याच्या पायथ्याशी चौक हे गाव वसले आहे. आज माथेरानला जाणारा माणूस नेरळला उतरतो, चौकची त्याला आठवणही होत नाही; परंतु माथेरानचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तो चौकच्या मुक्कामापासून. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्याचा तळ चौकला पडला होता. (हा मुलूख त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले.) एका संध्याकाळी साहेब फिरत फिरत समोरच्या डोंगराच्या अर्ध्या चढणीपर्यंत गेला. तेथील झाडी पाहून तो इतका हरखला की पुन्हा पाण्याचे भांडे बरोबर घेऊन निघाला, ओढ्याच्या पात्रातून चढत आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात तेथे माथ्यावर पोचला आणि रामबागच्या बाजूने खाली उतरला. पुढे त्याने माथ्यावर स्वतःसाठी घर बांधले आणि त्याच्यामागून मुंबईचे साहेबलोक व शेठलोक आले. माथेरानच्या दक्षिण टोकाला चौक पॉइंट हे नाव आहे ते ह्या गावावरूनच.

मॅलेटने पाहिलेली झाडी निर्जन नव्हती. ठाकर, कातकरी आणि धनगर ह्यांचा तिच्यात वावर होता, आणि शिकारी जनावरांचाही. आज पट्टेरी वाघ पाहावयाचा तर चंद्रपूरची वाट धरावी लागते; पण त्या काळी सह्याद्रीपासून मुंबईच्या वेशीपर्यंत वाघाची ये-जा होती. साष्टीत विहार तलावाच्या परिसरात १९२९ साली पट्टेरी वाघ मारला गेल्याची नोंद आहे. म्हणजे मुंबईत विजेची आगगाडी धावू लागल्यावरही चार वर्षे वाघ तिच्या शेजारी टिकून होता! ह्या लेखात आम्हांला अशा शिकारी जनावरांविषयी लिहावयाचे आहे: त्यांच्या क्रौर्याविषयी, आणि क्रौर्याच्या आपल्या कल्पनेत न बसणाऱ्या त्यांच्या वागण्याविषयीही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे तुंगारेश्वरच्या किंवा येऊरच्या डोंगरापासून फार दूर नाहीत. तेव्हा हा विषय नुसता पोथीतला नाही.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. मराठीत ‘वाघ’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. पट्टेरी वाघ, ढाण्या वाघ असे म्हटले तर अर्थ पक्का होतो. परंतु कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांत बिबट्यालाही सर्रास ‘वाघ’च म्हणतात. ‘रात्री वाघाने कुत्रे नेले’ ह्या वाक्यातला वाघ दहांत दहा वेळा बिबट्या असतो. इंग्रजांचा घोटाळा निराळा होता. त्यांच्यापाशी एकाच बिबट्यासाठी ‘पँथर’ आणि ‘लेपर्ड’ अशी दोन नावे होती आणि ही दोन वेगळी जनावरे आहेत असे मानणारे शिकारीही होते. भरीला काहीजण बिबट्याला ‘चीता’ म्हणत. ह्यामुळे जुन्या कागदांतला वाघ नेमका कोणता हे दर वेळी ताडून पाहावे लागते. आणि कोकणातून ‘वाघ’ केव्हा नाहीसा झाला असे कोणी विचारले तर त्याला उलट विचारावे लागते, ‘कोणता?’ एक गेला. दुसरा अजून आहे.

खरा चित्ता तिसराच. तो मोकळ्या माळरानाचा प्राणी, चौकच्या झाडीत त्याचे काम नव्हते. पण कोल्हापूर दरबारच्या चित्तेखान्यामुळे तो महाराष्ट्राच्या इतिहासात येऊन बसला आहे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ह्या दरबाराने आफ्रिकेतून चित्ते मागविले. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना बैलगाडीतून माळावर नेत आणि काळविटांचा कळप दिसला की पट्टी काढून सोडीत. चित्तेवानाच्या हातून मांस खाणारा आणि दोरीला धरून रस्त्याने चालणारा हा प्राणी नावाने ‘हिंस्र’च होता. रानात धरलेला प्रौढ चित्ता काही महिन्यांत माणसाळतो, मात्र बंदिवासात त्याची वीण होणे अत्यंत कठीण. मोगल बादशहांनी शेकड्यांनी चित्ते बाळगले. बंदिवासात पिले झाल्याची त्या काळातली एकच ठळक नोंद आहे, ती जहांगीरच्या वेळची. पिले होत नाहीत म्हणून रानातून आणखी धरून आणावयाचे, असे करता करता रान रिकामे झाले. अखेरचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात एका रात्री गोळीला बळी पडले आणि १९५२ साली सरकारने भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणले गेले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

पट्टेरी वाघाचे काय झाले हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी धोरणाकडे पाहावे लागते. वाघ, बिबट्या, लांडगा, कोळसुंदा ही कंपनी सरकारच्या आणि पुढे राणी सरकारच्या दप्तरी उपद्रवी जनावरे होती. मारलेल्या जनावराची खूण कचेरीत दाखवावी आणि बक्षीस घेऊन जावे, अशी पद्धत होती. शेतसारा वाढावयाचा तर जंगल मोडून लागवड व्हावी लागते, आणि लागवड व्हावयाची तर रानातले भय जावे लागते, असा तो हिशेब होता. खानदेशात १८२५ पासून भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रॅमने भिल्लांचा विश्वास मिळविला तो बऱ्याच अंशी त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी करून. दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघ त्याच्या डोळ्यांदेखत पडले. इतिहासकार महेश रंगराजन ह्यांनी सरकारी आकड्यांवरून काढलेला हिशेब असा की १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. हे फक्त बक्षिसाच्या वहीत चढलेले. जखमी होऊन जाळीत शिरलेले आणि तेथेच मेलेले ह्यात नाहीत. जखमी होऊन जगलेलेही नाहीत.

शिकाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला हा इतिहास कळतो, आणि तीच त्याची मोठी अडचणही आहे. शिकाऱ्याची आणि जनावराची गाठ पडते ती बंदुकीच्या टप्प्यात. हाकाऱ्यांनी चहूबाजूंनी कोंडलेला, गोळी लागलेला, पिलांसमोर उभा असलेला वाघ जसा वागेल तसा तो त्या पुस्तकांत वागतो. त्याची बाकीची सारी जिंदगी, म्हणजे दिवसभर सावलीत पडून राहणे, रात्री मैलोगणती चालणे, माणसाची चाहूल लागताच वाट सोडणे, ही लिहिण्याजोगी कोणाला वाटली नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांत शिरला आणि तेथल्या खांबावर आपले नाव नि तारीख कोरून गेला. तो वाघाच्या मागावर होता असे सांगतात. उन्हाळ्याच्या भरात थंडगार दगडी गुहेत पडून राहणारा वाघ, एवढेच त्या प्रसंगातले वाघाचे वर्तन. पण जगाच्या ध्यानात राहिला तो स्मिथ.

ह्याला अपवाद होते. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला, मिशनऱ्याचा मुलगा. जकात आणि मीठ खात्यातल्या नोकरीने त्याला कोकण हिंडविले आणि त्याने बेडूक, कावळे, मुंग्या अशा बिनबक्षिसी जीवांवर मिस्कील निबंध लिहिले. नुसते पाहत बसण्याची ही सवय शिकारी जनावरांच्या बाबतीत लागावयास मात्र आणखी ऐंशी वर्षे लागली. जॉर्ज शॅलर ह्याने १९६३ ते १९६५ ह्या काळात मध्य प्रदेशातील कान्हा येथे बंदुकीशिवाय वाघांचा अभ्यास केला. त्यातून कळले की वाघाचे बहुतेक हल्ले फसतात. वीसेक प्रयत्नांत एखादा साधतो. ज्याला आपण रानाचा राजा मानतो तो बहुतेक रात्री उपाशीपोटी घरी जातो! एकदा साधले की तो चार-चार दिवस त्याच सावजावर काढतो, पानांखाली झाकून ठेवतो, कावळ्या-गिधाडांपासून राखतो. वाघाला दात मोडून चालत नाही, पाय लंगडा होऊन चालत नाही, कारण त्याचे दुसरे कोणी भागवीत नाही. त्याच्या सावधपणाचे मूळ येथे आहे. विनाकारण झुंज घेणारा वाघ फार दिवस जगत नाही.

मग नरभक्षक वाघाचे काय, असे कोणीही विचारील. कुमाऊँमधल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली असे सांगितले जाते. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले त्याला आढळले. कोणाच्या तरी जुन्या गोळीची ती खूण होती. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ ह्या आठ वर्षांत १२५ बळी घेतले. त्याची सुरुवात १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीनंतर झाली. त्या साथीत प्रेते दहन न करताच दरीत लोटली जात होती आणि बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक तेथे लागली, असे कॉर्बेटचे मत होते. सगळ्या नरभक्षकांचा उलगडा एवढ्याने होत नाही हे खरे. तरी एवढे मान्य करावे लागते की त्या वाघिणीच्या भीषण कथेचे पहिले पान माणसाने लिहिले होते.

येथे आम्ही वाचकांना थोडे मागे, बरेच मागे, नेऊ इच्छितो. चौकमधून दिसणारे प्रबळ, इर्शाळ आणि माथेरान हे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. थरावर थर साचत दख्खन तयार झाले. लाव्हात हाडे टिकत नाहीत. म्हणून त्या युगातली शिकारी जनावरे आपल्या डोंगरांत सापडावयाची नाहीत. वरळीच्या टेकडीत दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे आणि कासवाचे अवशेष मिळाले, इतकेच. परंतु लाव्हा पसरण्याच्या थोडे आधी ज्या भूमीवर ती जनावरे नांदत होती, ती भूमी गुजरातेत आणि नर्मदेच्या खोऱ्यात उघडी पडली आहे. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातील रहिओलीजवळ १९८० नंतरच्या काळात मिळालेल्या हाडांवरून २००३ साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसाहारी डायनोसोर जगापुढे आला. लांबी सात मीटरांच्या आसपास, कपाळावर बुटके शिंग. त्याचा एक भाऊबंद मादागास्करला होता, कारण हिंदुस्थान आणि मादागास्कर एके काळी जोडलेले होते. मादागास्करच्या ह्या डायनोसोरची काही हाडे अशी मिळाली की त्यांवर दातांचे ओरखडे होते, आणि ते दात त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचे होते. स्वजातीय मांस खाण्याचा एवढा स्पष्ट पुरावा डायनोसोरांत क्वचितच मिळतो. मात्र त्याने आपल्या भावाला मारून खाल्ले की मेलेला आयता मिळाला म्हणून खाल्ले, हे हाड सांगत नाही. राजासॉरसची भयंकर चित्रे काढणाऱ्यांनी एवढा विवेक ठेवला तर बरे.

त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या एका शोधाची हकिगत आम्हांला अधिक आवडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे ह्यांना १९८० नंतरच्या दशकात धोली डुंगरी येथे डायनोसोरची अंडी आणि त्यांच्याशेजारी नुकत्याच जन्मलेल्या पिलाची हाडे एकाच दगडात मिळाली. सारी हाडे डायनोसोरच्या पिलाचीच, असा प्रथम समज झाला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतले जेफ्री विल्सन ह्यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यांतले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. दगड स्वच्छ केल्यावर चित्र उभे राहिले: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरांचा साप, आणि समोर अर्ध्या मीटरचे पिलू. गाळाचा लोंढा आला आणि शिकारी व सावज दोघेही एकाच क्षणी गाडले गेले. २०१० मध्ये ह्या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव देण्यात आले. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकत नव्हता, अंडे त्याला गिळता आले नसते. म्हणून तो घरट्यात येऊन पिलू बाहेर पडण्याची वाट पाहत असावा. जे पिलू वाढून सापाला पायाखाली चिरडू शकले असते, ते पहिल्या तासाभरात सापाचे भक्ष्य होते. येथेही शिकाऱ्याचे मुख्य शस्त्र जबडा नसून धीर आहे.

त्या युगातून आजवर चालत आलेली एक जात आपल्याच जिल्ह्यात आहे. महाडच्या सावित्री नदीत मगरी आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तेथला जुना पूल वाहून गेला तेव्हा पाण्यात शोध घेणाऱ्यांना पुराइतकीच त्यांचीही धास्ती होती. हीच मगर अंड्यांतून पिलांचा आवाज आला की वाळू उकरते आणि पिलांना जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत पोचविते. ज्या दातांनी ती म्हशीचा पाय मोडू शकते त्यांच्यामध्ये वीतभर पिलाला ओरखडाही येत नाही. मामल्लपुरमजवळच्या मगरपालन केंद्रात एक आणखी निरीक्षण झाले, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले: बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत मगरी तोंडावर काटक्या ठेवून निश्चल राहतात आणि घरट्यासाठी काटकी उचलावयास आलेला बगळा पकडतात. ही खरोखर युक्ती आहे की योगायोग, ह्यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. आमचे मन युक्तीकडे झुकते, पण मनाला विचारतो कोण!

वाघ-सिंहांच्या कुळातही अशी उलटसुलट उदाहरणे आहेत. नवा नर एखाद्या प्रदेशाचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची पिले बहुधा मारून टाकतो. त्यामुळे वाघीण लवकर माजावर येते आणि त्याचा स्वतःचा वंश चालतो. हे वाचून अंगावर काटा येतो. परंतु २०११ साली रणथंभोरमध्ये एक वाघीण मेली आणि तिच्या दोन मादी पिलांचा सांभाळ टी-२५ ह्या नर वाघाने केला. स्वतःच्या सावजावर त्यांना खाऊ दिले, दुसऱ्या वाघिणीपासून त्यांना राखले. गीरमध्ये एका सिंहिणीने आपल्या दोन छाव्यांबरोबर बिबट्याचे बछडे दीडेक महिना पोटाशी धरले, त्याला दूध पाजले. ते बछडे जन्मजात दोषाने दगावले. ज्या कोळसुंद्यांना इंग्रज शिकारी रानातले दरवडेखोर समजून दिसताक्षणी गोळी घालीत, त्या रानकुत्र्यांत सावजावर पहिला हक्क पिलांचा असतो. पिले खाईपर्यंत मोठी बाजूला थांबतात.

आता चौकच्या डोंगरात उरलेल्या ‘वाघा’कडे, म्हणजे बिबट्याकडे वळू. पट्टेरी वाघ गेला आणि बिबट्या राहिला, ह्याचे कारण त्याचे पोट कशावरही भरते. हरीण, माकड, ससा, घूस, खेकडा, शेळी, आणि सर्वांत सोयीचे म्हणजे गावचे कुत्रे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात, जेथे जंगल जवळजवळ नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत असे निघाले की खाण्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. उसात दिवसभर झोपायचे आणि रात्री वस्तीवरून फिरायचे, असा त्यांचा क्रम होता. माणसे मात्र सुखरूप होती. पुष्कळांना आपल्या शेतात बिबट्या राहतो ह्याचा पत्ताही नव्हता.

ऊसतोडणीच्या हंगामात मजुरांना उसात बछडी सापडतात. पूर्वी ती उचलून नेत. आता वनखात्याची माणसे ती बछडी त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात ठेवून दूर होतात. रात्री मादी येते, खोके आडवे करते आणि एकेक बछडे तोंडात धरून घेऊन जाते. दिवसभर माणसांनी हाताळलेल्या बछड्यांसाठी ती कोणावर सूड उगवीत नाही.

ह्याच्या उलट उदाहरण त्याच डोंगरांच्या पलीकडले, जुन्नरचे आहे, आणि ते ह्या साऱ्या इतिहासात आम्हांला सर्वांत बोधक वाटते. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता: गावकऱ्यांचे भय जावे आणि जनावराचा जीवही वाचावा. एकोणतीस बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर लांब नेऊन सोडले गेले. त्यापूर्वीच्या आठ वर्षांत ह्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेनंतर ते वर्षाला सतरावर गेले, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. धरलेला बिबट्या दुष्ट होता म्हणून असे घडले नाही. आपली पाणवठ्याची जागा, लपण्याची जागा, सुटण्याची वाट ज्याला पाठ होती असे जनावर एका रात्रीत परक्या मुलखात येऊन पडले. तेथे आधीचे बिबटे त्याला राहू देईनात. घराकडे परतावे तर मध्ये अनोळखी वस्त्या. पिंजऱ्यात माणसाच्या इतके निकट आल्यावर जुना धाकही उरला नाही. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा तरुण बिबट्या येऊन राहिला. मुंबईत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला २००४ च्या उन्हाळ्याअखेर जे बळी गेले त्यांच्यामागेही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांचा हात असावा, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, हे सारे शहाणपण मेलेल्या मुलाच्या आईला जाऊन सांगा. हा आक्षेप आम्ही टाळू इच्छित नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याने मारली, त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी महामार्ग रोखला, आणि अखेर तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. तेथे दुसरे काही करणे शक्य होते असे आम्हांला वाटत नाही. माणसाला सावज समजू लागलेल्या जनावराला राहू द्यावे, असे ह्या विषयाचा कोणताही जाणकार म्हणत नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्या बिबट्यांचा, आणि रात्री अंगणात एकटे बाहेर पडणाऱ्या मुलांचा. शौचालय घरालगत असणे, दारासमोर दिवा असणे, गोठा बंद असणे आणि कचऱ्यावर कुत्री न पोसणे ह्या रटाळ गोष्टींनी किती जीव वाचतात, हे कोणत्याही शिकारकथेत सापडणार नाही.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांतल्या लोकांनी ह्या शेजाऱ्याशी स्वतःच्या रीतीने व्यवहार ठरविला होता. अश्विन वद्य द्वादशीला देशावरचे शेतकरी वसुबारस करतात, गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीला सह्याद्रीतल्या आदिवासींची वाघबारस असते. ठाकर, महादेव कोळी, वारली ह्यांच्या वाघोबाची मूर्ती लाकडात वा दगडात कोरलेली, शेंदूर माखलेली, कधी वर चंद्र-सूर्य असलेली असते. त्याच्यापुढे नैवेद्य ठेवावयाचा आणि गुरांना, गुराख्याला सांभाळ असे मागावयाचे, असा हा विधी. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांत वाघोबाच्या दीडशे ठाण्यांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. कॅथलिक वाचकाला येथे गुब्बिओच्या लांडग्याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. संत फ्रान्सिसने त्या लांडग्याला मारले नाही आणि रानात हाकलूनही दिले नाही. गावाने त्याला खाऊ घालावे आणि त्याने कोणाला इजा करू नये, असा त्याने दोघांत करार करून दिला. कथेतला लांडगा गावात दारोदार फिरत राहिला आणि म्हातारा होऊन मेला. वाघबारस करणाऱ्या माणसाला हा करार समजावून सांगावा लागणार नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ही अशाच ठाकरांची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पिढ्यान् पिढ्या बिबट्याच्या शेजारी निजणारी ही माणसे. त्यांचा घात केला तो डोंगराने.

शेवटी एका बिबट्याची हकिगत, कारण तिचा शेवट आमच्या बहुतेक वाचकांच्या दारात झाला. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एका विहिरीत पडलेला वयस्क नर बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला, त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले आणि त्याला माळशेज घाटात सोडले. आजोबा तेथे राहिला नाही. कसारा रेल्वे स्थानकाजवळून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, वसईच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूने, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. ह्या वाटेवर हजारो माणसे झोपलेली होती. एकालाही त्याने दुखविले नाही, आणि जवळजवळ कोणाला तो दिसलाही नाही. काही काळाने पट्ट्याचे संदेश येणे थांबले. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला तेव्हा तो हयात नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला एक बिबट्या वनखात्याला मिळाला होता. शेपटीच्या कातडीखाली बसविलेल्या चिपेचा क्रमांक ताडून पाहिला, तेव्हा तो आजोबा निघाला.